सक्तीने मुक्ती मिळेल काय?

ज्या घरात दारू किंवा मादक पदार्थ शिरतात, त्या घरात कालांतराने एक प्रश्न अटळपणे उभा राहतो. समजावून झाले, शपथा घालून झाल्या, नवस बोलून झाले, वेलंकणीची यात्रा झाली; आता याला उचलून कोठेतरी नेऊन ठेवावे काय? पत्नी हा प्रश्न पतीविषयी विचारते, आई मुलाविषयी विचारते. विचारणाऱ्या आवाजात संताप असतो आणि त्याहून अधिक भीती असते. केंद्र सरकारने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार आपल्या देशात सुमारे १६ कोटी माणसे मद्य घेतात आणि त्यांपैकी सुमारे ५ कोटी ७० लाख जणांना मदतीची गरज आहे. हा प्रश्न एखाद्या दुर्दैवी घराचा नाही. आपल्या धर्मग्रामातील कोणत्याही गल्लीत तो भेटतो.

परंतु या प्रश्नाच्या पोटात आणखी एक प्रश्न दडलेला आहे आणि त्याकडे आपले सहसा लक्ष जात नाही. माणसाला केंद्रात नेऊन ठेवल्यानंतर तेथे त्याच्याकडून काय करवून घेतले जाते? जगातील पुष्कळ व्यसनमुक्ती केंद्रांत उपचारांचा कणा ‘बारा पायऱ्या’ हा असतो. आपण व्यसनापुढे हतबल आहोत हे मान्य करणे, आपल्याहून थोर अशा शक्तीवर विश्वास ठेवणे, आपली इच्छा परमेश्वराच्या स्वाधीन करणे, स्वतःच्या अपराधांची झाडाझडती घेणे, ते अपराध दुसऱ्या व्यक्तीजवळ कबूल करणे, ज्यांचे नुकसान केले त्यांची भरपाई करणे, प्रार्थना करणे आणि हा संदेश दुसऱ्यापर्यंत पोहोचवणे असा त्यांचा क्रम आहे. आता हे सारे एखाद्याने स्वखुशीने केले तर त्यासारखे उत्तम काही नाही. पण न्यायालयाने, तुरुंगाने, मालकाने किंवा आईबापांनी ते सक्तीने करवून घेतले तर? श्रद्धा, शरणागती आणि कबुली या गोष्टी माणसावर लादता येतात काय? आणि लादता येत असल्या, तरी लादाव्यात काय?

बारा पायऱ्यांचा उगम

उत्तर शोधण्यापूर्वी या पायऱ्या कोठून आल्या हे पाहणे उपयोगी ठरेल. १९३५ साली अमेरिकेतील ओहायो राज्यात, ॲक्रन या शहरी, दोन मद्यपी एकमेकांना भेटले. बिल विल्सन शेअरबाजारातील व्यावसायिक होते, तर डॉ. बॉब स्मिथ शल्यचिकित्सक होते. एका मद्यपीने दुसऱ्या मद्यपीला आपली कहाणी सांगितली की दोघेही दारूपासून दूर राहू शकतात, हा त्यांना आलेला अनुभव. त्यातून अल्कोहोलिक्स अनॉनिमस, अर्थात ए. ए., ही संघटना उभी राहिली. त्यांच्यावर ऑक्सफर्ड ग्रुप या प्रॉटेस्टंट चळवळीचे संस्कार होते. आत्मपरीक्षण, कबुली, भरपाई आणि ईश्वरी मार्गदर्शन ही त्या चळवळीची साधने बारा पायऱ्यांत सहज ओळखता येतात. १९३९ साली या पायऱ्या ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाल्या.

आपल्या ख्रिस्तसभेचाही या चळवळीला फार लवकर हातभार लागला. ज्या काळी रुग्णालये मद्यपींना दाखल करून घेण्यास नाखूश असत, त्या काळी, १९३९ साली, ॲक्रनच्या सेंट थॉमस रुग्णालयातील सिस्टर इग्नेशिया या धर्मभगिनीने डॉ. बॉब यांच्या साहाय्याने त्यांच्यासाठी खाटा उपलब्ध करून दिल्या. १९४० साली सेंट लुईसचे येशूसंघीय धर्मगुरू फादर एडवर्ड डाउलिंग विल्सन यांना मुद्दाम जाऊन भेटले. संत इग्नेशियस लोयोला यांच्या आध्यात्मिक साधना आणि या पायऱ्या यांतील साम्य पाहून ते चकित झाले होते. पुढे वीस वर्षे ते विल्सन यांचे आध्यात्मिक सल्लागार राहिले.

आपल्याकडे १९५७ साली ए. ए.चे कार्य मुंबईत सुरू झाले. फादर जो परेरा यांनी १९८१ साली वांद्र्याला ‘कृपा फाउंडेशन’ची स्थापना केली. १९८६ साली डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट या दांपत्याने पुण्यात ‘मुक्तांगण’ सुरू केले. या साऱ्या कार्यांनी किती संसार सावरले याची मोजदाद परमेश्वरच जाणे.

या इतिहासातील एक गोष्ट मात्र ध्यानी धरण्याजोगी आहे. पायऱ्या लिहिल्या जात असताना त्या पहिल्या सभासदांत श्रद्धावान होते तसेच ईश्वर न मानणारेही होते. त्यांच्यात बराच वाद झाला. शेवटी असे ठरले की, पायऱ्यांचे शब्द आज्ञेच्या भाषेत ठेवावयाचे नाहीत. आम्ही हे केले एवढेच सांगावयाचे आणि इतरांना ते सुचवावयाचे. ईश्वराविषयी प्रत्येकाने आपल्या समजुतीप्रमाणे बोलावे अशी सवलतही त्यांत आली. १९५० साली क्लीव्हलंड येथे संघटनेने आपले बारा संकेत स्वीकारले. त्यांतील एका संकेतानुसार सभासदत्वाची अट एकच, ती म्हणजे दारू सोडण्याची इच्छा. दुसऱ्या एका संकेतानुसार संघटनेने प्रचार करून माणसे ओढावयाची नाहीत, तिच्याकडे पाहून ज्याला यावेसे वाटेल त्याने यावे. म्हणजे ज्यांनी ही शिडी बांधली त्यांनी तिच्या तळाशी कोणी पहारेकरी उभा केला नव्हता.

आमंत्रणाची आज्ञा झाली

पुढील दशकांत अमेरिकेत चित्र पालटले. दारू पिऊन गाडी चालवणारा, किरकोळ गुन्ह्यात सापडलेला, तुरुंगातून सशर्त सुटलेला अशा माणसांना न्यायाधीश आणि अधिकारी ए. ए.च्या सभांना जाण्याची अट घालू लागले. हेतू चांगला होता. सभा विनामूल्य होत्या, सर्वत्र होत्या आणि त्यांचा गुण येत होता. पण ज्याची श्रद्धा वेगळी किंवा ज्याला श्रद्धाच नाही, त्याच्यापुढे दोनच वाटा उरल्या: एक तर न मानलेल्या देवापुढे मान तुकवावयाची, नाही तर शिक्षा भोगावयाची.

१९९६ साली न्यू यॉर्क राज्याच्या सर्वोच्च न्यायपीठापुढे असेच एक प्रकरण आले. ईश्वर न मानणाऱ्या एका कैद्याने पायऱ्यांवर आधारलेल्या कार्यक्रमात भाग घेण्यास नकार दिला, म्हणून कुटुंबीयांना भेटण्याची खास सवलत त्याला मिळेना. न्यायपीठाने कैद्याच्या बाजूने निकाल दिला. बारा पायऱ्यांचा आशय धार्मिक आहे, म्हणून दुसरा पर्याय न ठेवता शासनाने त्या लादणे घटनाबाह्य ठरते, असा त्याचा इत्यर्थ होता. त्याच वर्षी विस्कॉन्सिनमधील कैद्याच्या खटल्यात केंद्रीय अपील न्यायालयाने तसाच निर्णय दिला. २००७ साली हवाई बेटांवरील एका बौद्ध माणसाच्या आणि २०१३ साली कॅलिफोर्नियातील एका निरीश्वरवाद्याच्या बाबतीत तोच न्याय लागला. कॅलिफोर्नियाच्या त्या माणसाला पायऱ्यांच्या कार्यक्रमावर आक्षेप घेतल्यामुळे पुन्हा तुरुंगात पाठवण्यात आले होते.

धर्मगुरू या नात्याने हे निकाल वाचताना मनात दोन भावना येतात. देवाचे नाव असलेला कार्यक्रम न्यायालयाने अडवला याचे प्रथम थोडे वाईट वाटते. पण जरा विचार केला की वाटते, हवाईच्या त्या बौद्ध माणसाच्या जागी आपला एखादा ख्रिस्ती तरुण असता तर? परमुलुखात त्याला आपल्या श्रद्धेशी न जुळणारा मंत्रजप उपचार म्हणून सक्तीने करावयास लावला असता, तर आपण काय म्हटले असते? जे आपल्यावर ओढवू नये असे वाटते ते इतरांवर ओढवलेले पाहून गप्प बसणे प्रभूच्या शिकवणीत बसत नाही.

येथे गैरसमज होऊ नये म्हणून स्पष्ट सांगितले पाहिजे की, बारा पायऱ्या निरुपयोगी आहेत असा याचा अर्थ मुळीच नाही. वैद्यकीय संशोधनाची काटेकोर छाननी करणाऱ्या कॉक्रेन संस्थेने २०२० साली २७ अभ्यासांचा आढावा घेतला. त्यांत दहा हजारांहून अधिक रुग्ण समाविष्ट होते. दारूपासून सातत्याने दूर राहण्याच्या बाबतीत ए. ए.कडे पद्धतशीरपणे वळवणारे उपचार इतर मान्य उपचारांहून सरस ठरतात असा निष्कर्ष निघाला. पण ही बाजू सांगताना दुसरीही सांगावयास हवी. १९९१ साली अमेरिकेत एका कारखान्यातील २२७ मद्यपी कामगारांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. काहींना सक्तीने रुग्णालयात पाठवले, काहींना सक्तीने केवळ ए. ए.च्या सभांना पाठवले आणि काहींना निवड करू दिली. नोकरीच्या बाबतीत तिन्ही गटांत विशेष फरक पडला नाही. पण पुन्हा पिण्याच्या बाबतीत केवळ सभांना धाडलेल्यांची स्थिती सर्वांत वाईट राहिली. एका अभ्यासावरून सिद्धान्त मांडू नये. तरीही शरीराचा उपचार सक्तीने काही प्रमाणात लागू पडतो, मनाच्या शरणागतीचे मात्र तसे नसते, एवढी शंका घेण्यास त्याने जागा करून दिली आहे.

कोवळ्या वयातील मुले

प्रौढ माणूस निदान न्यायालयात जाऊ शकतो. पंधरा वर्षांच्या मुलाने कोठे जावे? अमेरिकेत सत्तरच्या दशकापासून बिघडलेल्या किंवा बिघडतील अशी भीती वाटणाऱ्या मुलांसाठी निवासी संस्थांचे पेव फुटले. त्यांतील काहींची वंशावळ बोलकी आहे. ए. ए.चाच एक सभासद असलेल्या चार्ल्स डेडरिक यांनी १९५८ साली कॅलिफोर्नियात ‘सिनॅनॉन’ ही वसाहत काढली. तेथे गटात बसून एकेकाला शब्दांनी सोलून काढणे हाच उपचार मानला गेला. पुढे ती वसाहत हिंसाचारापर्यंत घसरली आणि १९९१ साली बंद पडली. पण तिची पद्धत इतरांनी उचलली. १९७६ साली फ्लॉरिडात ‘स्ट्रेट’ ही संस्था निघाली. तिने बारा पायऱ्यांना कात्री लावून सात केल्या. आईबाप विश्वासाने मुले आणून सोडत. मुलांना तासन्‌तास गटापुढे बसवून आपल्या दुर्वर्तनाची कबुली द्यावयास लावीत. एका तरुणाला बळजबरीने डांबून ठेवल्याबद्दल १९८३ साली ज्यूरीने या संस्थेविरुद्ध भरपाईचा निर्णय दिला आणि १९९३ साली ती बंद झाली. न केलेले अपराधही आम्ही केले म्हणून सांगितले, कारण त्याशिवाय घरी जाता येत नव्हते, असे तेथून बाहेर पडलेल्या अनेकांनी पुढे सांगितले.

या दुरवस्थेला ए. ए. जबाबदार नाही. त्या संघटनेचा या संस्थांवर ताबा नव्हता आणि असल्या सर्वच संस्था पायऱ्यांचे नाव घेत होत्या असेही नाही. परंतु चांगल्या वस्तूला सक्तीचा दांडा बसवला की तिचे हत्यार कसे होते, हे त्यातून दिसते. २००७ साली अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने अशा निवासी संस्थांचा अहवाल दिला. १९९० ते २००४ या काळातील दहा मुलांच्या मृत्यूंची त्यात तपासणी आहे. २००५ या एका वर्षात ३३ राज्यांनी मुलांच्या छळाच्या घटनांत गुंतलेल्या १६१९ कर्मचाऱ्यांची नोंद केली होती, हेही त्यात नमूद आहे. डिसेंबर २०२४ मध्ये या प्रश्नावर तेथे केंद्रीय कायदा झाला. त्या मुलांना तेथे पाठवणारे आईबाप दुष्ट नव्हते. ते आपल्यासारखेच घाबरलेले होते.

मुलांच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. पन्नाशीच्या मद्यपीने ‘मी हतबल आहे’ असे म्हणणे हा वर्षानुवर्षांच्या अनुभवाचा निष्कर्ष असतो. त्यात एक प्रकारची सुटका असते. पण पंधरा वर्षांच्या मुलाने चार वेळा चोरून बिअर घेतली म्हणून त्याच्याकडून ‘मी जन्मभराचा व्यसनी आहे’ हे वदवून घेणे म्हणजे अजून न घडलेल्या माणसाच्या कपाळी शिक्का मारणे होय. खोल व्यसनात बुडालेली मुलेही असतात आणि त्यांना तातडीने उपचार हवेत. पण कोण कोठवर गेले आहे हे जाणकार डॉक्टरांनी तपासून ठरवावयाचे असते. सर्वांना एकाच माळेत ओवून चालत नाही.

ख्रिस्तसभेचा अनुभव

श्रद्धा आणि सक्ती यांचे नाते काय असावे, याबाबतीत आपल्या ख्रिस्तसभेचा अनुभव दीर्घ आहे आणि तो सर्वच अभिमानास्पद नाही. संत ऑगस्टीन प्रारंभी धर्माच्या बाबतीत बळाचा वापर करण्याच्या विरोधात होते. पुढे डोनाटिस्ट पंथीयांशी झालेल्या झगड्यात त्यांचे मत बदलले. संत लूकच्या शुभवर्तमानातील मेजवानीच्या दाखल्यात धनी आपल्या सेवकाला वाटेवरच्या लोकांना आग्रहाने आत आणावयास सांगतो, त्याचा त्यांनी आधार घेतला. ज्यांना सक्तीने परत आणले तेच आज आपले आभार मानतात, असाही त्यांचा युक्तिवाद होता. व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात आज हाच युक्तिवाद जवळजवळ त्याच शब्दांत ऐकू येतो. ऑगस्टीनसारख्या थोर संताच्या त्या मताचा पुढील शतकांनी काय उपयोग केला, हे आपण जाणतो. गोव्यात १५६० ते १८१२ या काळात, मधली काही वर्षे सोडली तर, धर्मन्यायालय चालू होते. त्याच्या आठवणी आपल्या किनाऱ्यावर अद्याप पुसल्या गेलेल्या नाहीत. ७ डिसेंबर १९६५ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने धार्मिक स्वातंत्र्याविषयीचा जाहीरनामा मंजूर केला. धर्माच्या बाबतीत कोणावरही बळजबरी होता कामा नये आणि हा हक्क मानवाच्या प्रतिष्ठेतूनच उद्भवतो, हे त्यात निःसंदिग्धपणे सांगितले. ख्रिस्तसभा तेथवर पोहोचावयास पंधरा शतके लागली.

कबुलीच्या बाबतीत तर आपली परंपरा फार सावध आहे. ४५९ साली, इटलीच्या काही भागांत पश्चात्तापी लोकांकडून पापे लिहून घेऊन ती सर्वांसमक्ष वाचण्याची प्रथा पडली होती. पोप संत महान लिओ यांनी ती कठोर शब्दांत बंद केली. लाजेने किंवा भीतीने माणसे पश्चात्तापापासूनच दूर जातील, ही त्यांची चिंता होती. आजच्या कायदेसंहितेत तेच शहाणपण दिसते. ६३०व्या नियमानुसार व्रतस्थांच्या वरिष्ठाने आपल्या सभासदाला अंतःकरण उघड करावयास कोणत्याही प्रकारे प्रवृत्त करता कामा नये. २४०व्या नियमानुसार सेमिनरीतील विद्यार्थ्याला गुरुदीक्षा द्यावी की काढून टाकावे, हे ठरवताना त्याच्या पापनिवेदक गुरूचे किंवा आध्यात्मिक मार्गदर्शकाचे मत कधीच विचारावयाचे नाही. आणि ११९१व्या नियमानुसार गंभीर व अन्यायकारक भीतीपोटी केलेला नवस मुळातच रद्द ठरतो.

या नियमांमागचे तत्त्व साधे आहे. ज्याच्या हाती माझी सुटका किंवा बढती आहे, त्याच्या हाती माझ्या अंतःकरणाची किल्ली असू नये. ए. ए.मध्ये पाचवी पायरी चढताना सभासद ज्याच्याजवळ कबुली देतो, त्याची त्याच्यावर कसलीही सत्ता नसते. तो उठून घरी जाऊ शकतो. सक्तीच्या केंद्रात मात्र कबुली ऐकणारा आणि दार उघडणारा पुष्कळदा एकच असतो. मग रोगी काय शिकेल? दार कोणत्या वाक्याने उघडते ते तो शिकेल. व्यसनी माणूस वर्षानुवर्षे खोटे बोलण्यात तरबेज झालेला असतो. त्याला आपण देवाच्या नावाने खोटे बोलण्याचे आणखी एक शिक्षण देतो. सक्तीच्या श्रद्धेचे खरे नुकसान हे आहे. तिने देवाचा अपमान होतो हे तर झालेच, पण ज्याला आयुष्यात प्रथमच खरे बोलावयाचे होते त्याची ती संधीही हिरावली जाते.

आईचा आक्षेप

यावर आई म्हणेल, “फादर, तुमचे म्हणणे पुस्तकात ठीक आहे. पण त्याला इच्छा होईपर्यंत मी वाट पाहिली तर तो मरेल. ज्याची इच्छाच दारूने खाल्ली आहे त्याच्या स्वातंत्र्याचे कौतुक कशाला?”

हा आक्षेप झटकून टाकण्याजोगा नाही. व्यसन इच्छाशक्तीला जखडते, म्हणूनच ख्रिस्तसभा व्यसनी माणसाची जबाबदारी मोजताना सवयीचे ओझे विचारात घेते. परंतु १५४७ साली ट्रेंटच्या परिषदेने शिकवले की, पतित माणसाची इच्छाशक्ती दुर्बल झाली, पण नष्ट झाली नाही. आपल्या व्यसनी बंधूकडे याच दृष्टीने पाहावयास हवे. त्याची इच्छा आजारी आहे, मेलेली नाही. आजारी अवयवाचे काम दुसऱ्याने कायमचे हाती घेतले तर तो अवयव बरा होत नाही. खुद्द बारा पायऱ्याही हेच सांगतात. पहिल्या पायरीवर माणूस दारूपुढे हतबलता कबूल करतो; पण तिसऱ्या पायरीवर त्याने निर्णय घ्यावयाचा असतो आणि तो निर्णय त्याच्या वतीने दुसरा कोणी घेऊ शकत नाही.

तेव्हा सक्तीच्या दोन जाती वेगळ्या ओळखल्या पाहिजेत. आग लागलेल्या घरातून माणसाला ओढून काढणे ही एक सक्ती. ओढून काढल्यावर त्याच्या गळ्यावर हात ठेवून त्याला स्तोत्र म्हणावयास लावणे ही दुसरी. पहिली दया असू शकते. दुसरी कधीच नाही. जो शुद्धीवर नाही, जो स्वतःच्या किंवा बायकामुलांच्या जिवावर उठला आहे, त्याला रुग्णालयात नेणे हे प्रेमाचे कर्तव्य आहे. तेही डॉक्टरांच्या हातीच सोपवावे. दीर्घकाळ भरपूर पिणाऱ्याची दारू एकाएकी तोडली तर झटके येतात, भ्रम होतो, प्रसंगी मृत्यू ओढवतो. म्हणून ‘खोलीत कोंडून ठेवू, चार दिवसांत उतरेल’ हा घरगुती उपाय जीवघेणा ठरू शकतो. पत्नीने मुलांच्या रक्षणासाठी वेगळे राहणे, वडिलांनी पैसे देणे थांबवणे, मालकाने उपचार न घेतल्यास नोकरी जाईल असे बजावणे, यांतही दडपण आहे. पण ते बाह्य आचरणाविषयी आहे. ‘तू पिऊन येऊ नकोस’ असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला आहे. ‘तू देवावर विश्वास ठेवल्याचे मला दाखव’ असे म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही.

आपला देशी कायदाही याच दिशेने बोलतो. मादक पदार्थविषयक १९८५ च्या कायद्यात जो व्यसनी स्वेच्छेने उपचार घेईल त्याला काही बाबतीत खटल्यापासून संरक्षण मिळते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने दारू व मादक पदार्थांमुळे उद्भवणाऱ्या मानसिक विकारांना आपल्या कक्षेत घेतले आहे. रुग्णाला साखळदंडाने बांधण्यास त्यात पूर्ण मनाई आहे. अल्पवयीन मुलाला अपवादात्मक स्थितीतच, पालकाच्या अर्जावरून आणि दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासल्यावर दाखल करता येते; त्याला प्रौढांपासून वेगळे ठेवावे लागते आणि पालक किंवा त्याने नेमलेली व्यक्ती त्याच्यासोबत राहावी लागते. ‘एकदा सोडून जा, तीन महिने भेटू नका’ असे सांगणाऱ्या केंद्रात मुलाला ठेवताना हा कायदा आठवावा.

“पण फादर, मुलांना धर्मशिक्षणाला आपण सक्तीनेच पाठवतो ना?” हाही प्रश्न योग्य आहे. होय, आईबाप मुलाला मिस्साबलीला नेतात, धर्मशिक्षणाला बसवतात. तो संस्कार आहे. परंतु वेदीपुढे गेल्यावर मुलाने खरोखर प्रार्थना केली की नाही, हे तपासून त्याचे जेवण कोणी बंद करत नाही. पापनिवेदनाच्या दारापर्यंत आई सोबत येते. आत ती येत नाही. व्यसनमुक्तीतही एवढे अंतर राखता आले तर पुष्कळ साधेल. सभेला येऊन बस, ऐक, असा आग्रह करता येईल. बोलावे की नाही, कोणती पायरी केव्हा चढावी, देवाला कोणत्या नावाने हाक मारावी, हे त्याच्यावर सोपवावे. आणि ज्याला हा मार्ग मानवत नाही त्याच्यासाठी वैद्यकीय औषधोपचार, समुपदेशन असे दुसरे मार्ग खुले ठेवावेत.

म्हणून मुलाला कोणत्याही केंद्रात, अगदी आपल्या लोकांनी चालवलेल्या केंद्रातही, ठेवण्यापूर्वी आईबापांनी काही प्रश्न निःसंकोच विचारावेत. येथे डॉक्टर नियमित येतात काय? आम्ही मुलाला एकट्याने भेटू शकतो काय? तो तक्रार कोणाकडे करील? त्याने सांगितलेल्या गोष्टी कोणाच्या कानी जातात? प्रार्थना न केल्यास काय होते? या शेवटच्या प्रश्नाच्या उत्तरावरून त्या केंद्राची पारख होईल.

आपली पायरी

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय हा लेख पुरा करता येत नाही. व्यसनी माणसाला पायऱ्या चढावयास लावण्याची आपल्याला घाई असते. पण त्या घरातील इतर माणसांनाही चढावयाची असते. १९५१ साली मद्यपींच्या कुटुंबीयांसाठी ‘अल-अनॉन’ ही संघटना स्थापन झाली आणि १९५७ साली किशोरवयीन मुलांसाठी तिचीच ‘अलाटीन’ ही शाखा निघाली. घरच्या माणसाचे पिणे तुम्ही घडवले नाही आणि तुम्ही ते थांबवूही शकत नाही. तुम्ही स्वतःचे जीवन सावरा, असे तेथे शिकवतात. आपल्याकडे पत्नी मुकाट्याने सोसते आणि शेजारी कुजबुजतात; मदत मागावयास कोणी जात नाही. धर्मग्रामाने आपल्या सभागृहात अशा सभांना आठवड्यातून एक संध्याकाळ जागा दिली, तर त्यात कोणावरही सक्ती होणार नाही आणि पुष्कळांना आधार मिळेल.

आणि समाज म्हणून आपले काय? साखरपुडा, लग्न, बाप्तिस्मा, एवढेच काय पण मयताच्या घरीही बाटली उघडली जाते. नको म्हणणाऱ्या तरुणाला ‘एक घे रे’ म्हणून आग्रह होतो. हीही सक्तीच आहे. हसत हसत केलेली, म्हणून आपल्या लक्षात येत नाही. पाजताना आग्रह करणारे आणि सोडवताना दंडुका उगारणारे हात एकाच समाजाचे असावेत, हे शोभत नाही. निदान नुकत्याच केंद्रातून परतलेल्या माणसाला लग्नघरी सरबताचा पेला सन्मानाने मिळेल आणि त्याला कोणी कारण विचारणार नाही, एवढी पायरी आपल्याला खात्रीने चढता येईल.

संत योहानाच्या शुभवर्तमानात यरुशलेममधील तळ्याकाठी पडून असलेल्या, अडतीस वर्षे आजारी असलेल्या एका माणसाची हकीकत आहे. प्रभू येशू त्याला बरे करण्याआधी विचारतो, की त्याला बरे व्हावयाचे आहे काय. प्रश्न अनावश्यक वाटतो. अडतीस वर्षे आजारी असलेल्याला दुसरे काय हवे असणार? त्या माणसाचे उत्तरही सरळ नाही. तो होय म्हणत नाही, मला पाण्यात सोडणारे कोणी नाही अशी तक्रार करतो. तरीही प्रभूला तेवढे पुरले. त्या अर्ध्यामुर्ध्या इच्छेला धरून त्याने त्याला उठावयास सांगितले, आणि बाज उचलून तो माणूस स्वतःच्या पायांनी चालू लागला. आपल्या घरातील आजाऱ्याला प्रश्न विचारण्याचे सोडून आपण पुष्कळदा त्याची बाजच उचलून चालू लागतो. त्याला विचारीत राहिले पाहिजे. आज उत्तर आले नाही तर उद्या विचारावे, तोवर त्याचा जीव सांभाळावा आणि त्याच्यासाठी प्रार्थना करावी. ती प्रार्थना मात्र आपण आपल्या खुशीने करू शकतो.